अ‍ॅल्युमिनियमची जुनी फ्रेम हाती घेताना

सायकल दुरुस्तीची आपल्याकडची सगळी विद्या पोलादावर वाढली. फ्रेम वाकली तर पाइप घालून सरळ करायची, सांधा सुटला तर गॅसवर पितळ लावून जोडायचा, आटे गेले तर टॅप मारायचा, गंज चढला तर घासून रेड ऑक्साइड लावायचा. हे गल्लीतल्या कुठल्याही जाणत्या सायकलवाल्याला येते आणि पोलादही ते निमूट सोसते. तेच हात, त्याच सवयीने, पस्तीस वर्षांपूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या माउंटन बाइककडे वळले की घोटाळा होतो. सरळ करायला गेलेला भाग तुटतो, वेल्डिंग केलेल्या जागेच्या शेजारीच नवा तडा जातो, रंग काढायला ओतलेले रसायन रंगाबरोबर धातूही खाते. म्हणून या पुस्तकाचा बराच भाग काय करू नये यावर खर्ची पडला आहे, आणि तो मुद्दाम आधी ठेवला आहे. ज्यांना थेट पॉलिश पेपर आणि ब्रश हाती घ्यायचा आहे त्यांना हे कंटाळवाणे वाटेल. त्याला माझा इलाज नाही.

पुस्तकाचा आवाका मर्यादित आहे. साधारण १९८४ पासून नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत, मुख्यतः अमेरिकेत बनलेल्या, मागे शॉक नसलेल्या आणि २६ इंची चाकांच्या फ्रेमविषयीच इथे बोलायचे आहे. कॅननडेल, क्लाइन, जीटी, ट्रेक ही नावे वारंवार येतील. आपल्याकडे अशा फ्रेम दिसतात त्या बहुधा तिकडे राहून परतलेल्या कुणाच्या तरी सामानातून आलेल्या. एरवी त्यांचे घर अमेरिकाच. त्यामुळे थोडा इतिहास तिकडचाच सांगणे भाग आहे.

माउंटन बाइक जन्मली ती पोलादात. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमल्पाइसच्या अंगाखांद्यावर, सत्तरच्या दशकात काही उनाड मंडळी जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या ‘रीपॅक’ नावाच्या उतारावर त्यांनी वेळ मोजून पहिली शर्यत घेतली. जो ब्रीझने पुढच्याच वर्षी खास या कामासाठी क्रोमोली पोलादाची फ्रेम बांधली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली टॉम रिचीने बांधलेल्या फ्रेम विकू लागले, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची जपानमध्ये बनलेली स्टम्पजंपर आली. ही कथा पुष्कळांनी पुष्कळदा सांगितली आहे. बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकाला तर तो डोंगर रविवारच्या सहलीच्या अंतरावर आहे. मला त्यातल्या एका बाजूला राहिलेल्या माणसाकडे लक्ष वेधायचे आहे.

त्याचे नाव चार्ली कनिंगहॅम. त्याच काउंटीत राहून त्याने १९७९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची माउंटन बाइक बांधली, बाकीचे सगळे पोलादाच्या नळ्या जोडत असताना. त्याच्या फ्रेमच्या नळ्या जाड दिसत आणि त्यांवर रंगाचे कौतुक फारसे नसे. दिसण्यापेक्षा वजन आणि मजबुती यांचे गणित त्याला महत्त्वाचे होते. त्याच्या सायकलीवर बसून जॅकी फेलन या बाईंनी १९८३, ८४ आणि ८५ अशी सलग तीन वर्षे अमेरिकेतली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. डोंगरावर अ‍ॅल्युमिनियम टिकणार नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नव्हती. कनिंगहॅमने हाताने मोजक्याच फ्रेम केल्या. आज त्यांतली एखादी तुमच्या हाती लागलीच, तर हे पुस्तक मिटून ठेवा आणि तिला हात लावू नका.

दुसरी वाट पूर्व किनाऱ्यावर निघाली होती. गॅरी क्लाइन हा एमआयटीचा विद्यार्थी सत्तरच्या दशकात अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या मागे लागला, आणि जाड व्यासाची, पातळ भिंतीची नळी ही त्याची ओळख झाली. पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या चेहालिस गावी त्याचा कारखाना उभा राहिला. १९९५ मध्ये ट्रेकने तो विकत घेतला. क्लाइनच्या फ्रेमचे सांधे इतके गुळगुळीत आणि रंग इतका देखणा, की एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी ती छटा पाहायला लोक आजही थांबतात. कनेटिकटमधली कॅननडेल कंपनी १९७१ मध्ये सुरू झाली ती सायकलीमागे ओढायच्या ट्रेलरपासून. तिची पहिली अ‍ॅल्युमिनियमची सायकल १९८३ मध्ये आली, आणि पाठोपाठ १९८४ मध्ये माउंटन बाइक. पुढचे चाक २६ इंची, मागचे २४ इंची, असा त्या पहिल्या बाइकचा विचित्र थाट होता. पेनसिल्व्हेनियातल्या बेडफर्डच्या कारखान्यातून पुढे वर्षानुवर्षे त्यांच्या फ्रेम बाहेर पडल्या. ज्यांच्यावर अमेरिकेत हाताने बनवल्याचा शिक्का आणि झेंड्याचे चित्र असते त्या याच. कॅलिफोर्नियाच्या जीटीची झास्कर १९९१ मध्ये आली. सीट ट्यूबला ओलांडून वरच्या नळीला भिडणारा तिसरा त्रिकोण आणि रंगाऐवजी चकाकणारा उघडा धातू, यांमुळे ती लांबूनही ओळखू येते.

आता धातूविषयी. इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५, म्हणजे वजन साधारण एक तृतीयांश. पण ताठपणाही तितक्याच पटीने कमी, ७० विरुद्ध २०० गिगापास्कल. पोलादाच्याच मापाची नळी अ‍ॅल्युमिनियमची केली तर ती हलकी होईल आणि वेतासारखी लवेल. यावर तोड भूमितीची आहे. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो: भिंत तेवढीच ठेवून व्यास दुप्पट केला की वजन दुप्पट, पण ताठपणा आठपट. क्लाइन आणि कॅननडेलच्या नळ्या मनगटाएवढ्या जाड दिसतात त्या यामुळे. दुरुस्ती करणाऱ्याने यातून इतकेच ध्यानात ठेवायचे, की ती जाड दिसणारी नळी आतून फार पातळ आहे. भिंत एक-दोन मिलिमीटरची. तिच्यावर ग्राइंडर चालवणे म्हणजे फ्रेमचे बळ तासून काढणे.

दुसरी गोष्ट उष्णतेची. या फ्रेम बहुतेक ६०६१ नावाच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असते. नुसता वेल्डिंग केलेला ६०६१ मऊ असतो. त्याला बळ येते ते भट्टीत: पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करायची, मग १६० ते १८० अंशांच्या आसपास काही तास मुरू द्यायची. या अवस्थेला टी-६ म्हणतात. नंतर कुणी त्या फ्रेमवर आर्गन वेल्डिंगचा एक छोटा टाका जरी मारला, तरी टाक्याच्या आजूबाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. त्याचे बळ निम्म्याच्या आसपास येते. टाका सुंदर दिसतो, मालक खूश होतो आणि काही महिन्यांनी फ्रेम टाक्याच्या बाजूला तुटते. पूर्ण फ्रेम पुन्हा त्या भट्टीतून काढणे आणि त्यात ती वेडीवाकडी होऊ न देणे, ही कारखान्याची कामे आहेत. सुट्या वेल्डरच्या शेडमध्ये ती होत नाहीत. ७००५ हा जस्त असलेला दुसरा मिश्रधातू वेल्डिंगनंतर आपसूक बरेचसे बळ परत मिळवतो, त्यामुळे त्या फ्रेमच्या बाबतीत थोडी आशा असते. पण तुमच्या हातातली फ्रेम कोणत्या धातूची आहे हे लेबल उडून गेल्यावर नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.

आणि तिसरी गोष्ट थकव्याची. पोलादाला एक उंबरठा असतो. त्याच्या खालचे ताण लाखो वेळा आले तरी ते मोडत नाही. अ‍ॅल्युमिनियमला असा उंबरठा नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक उडी, पेडलवर दिलेला प्रत्येक जोर त्याच्या खात्यात जमा होतो आणि कधीच वजा होत नाही. ज्यांनी ही फ्रेम आखली त्यांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी नळ्या गरजेपेक्षा ताठ ठेवल्या, म्हणजे धातू कमी लवेल आणि खाते सावकाश भरेल. त्यामुळे पस्तीस वर्षांची कॅननडेल धडधाकट असू शकते आणि दहा वर्षे निर्दयपणे उडवलेली दुसरी एखादी शेवटच्या घटका मोजत असू शकते. रंग दोन्हींचा सारखाच चकाकेल.

या पुस्तकाचा सगळा आग्रह इथून येतो. पोलादाच्या सायकलीचा जीर्णोद्धार कामापासून सुरू होतो, अ‍ॅल्युमिनियमचा निकालापासून. ही फ्रेम चालवायची की भिंतीवर टांगायची, हे रंगाचा पहिला पोपडा उडण्याआधी ठरले पाहिजे. मी पाहिलेली बरीचशी दुर्दशा या क्रमाच्या उलटापालटीतून झाली आहे. आधी महिनाभर घासून, पॉलिश करून, नवे स्टिकर लावून झाले, आणि मग कुठे हेड ट्यूबखालचा तडा दिसला. एवढी मेहनत केल्यावर माणूस तडा पाहूनही न पाहिल्यासारखे करतो. हा धोका धातूचा नाही, माणसाचा आहे, आणि त्यावर हत्यार नाही.

तडा शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. डाउन ट्यूब हेड ट्यूबला मिळते तो खालचा सांधा; सीट ट्यूबच्या वरच्या टोकाला क्लॅम्पसाठी कापलेली फट आणि तिचे खालचे टोक; बॉटम ब्रॅकेटच्या मागे, उजव्या बाजूची चेनस्टे जिथे चेनसाठी दाबून चपटी केलेली असते ती जागा; आणि मागचे ड्रॉपआउट. साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकून भिंगातून बघायचे. रंगावरची सरळ, वेल्डिंगच्या कडेने धावणारी केसासारखी रेघ संशयास्पद. ओरखडा असेल तर तो रंगात मावतो. तडा असेल तर तो घासल्यावरही धातूत दिसत राहतो. शंका राहिलीच तर फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत जिला डीपी टेस्ट म्हणतात ती करावी. उघड्या धातूवर लाल द्रव लावायचा, थांबायचे, पुसून टाकायचा, वर पांढरी पूड फवारायची. तडा असेल तर त्यातून लाल रेघ वर येते. तीन डब्यांचे हे साहित्य वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते. कॅननडेल आणि क्लाइनचे सांधे घासून सपाट केलेले असल्याने त्यांच्यात रेघ लवकर ओळखू येते. जीटीच्या उठावदार वेल्डिंगच्या घड्यांत ती लपते.

पोचे हा वेगळा प्रश्न. मधल्या नळीवरचा उथळ, कडा मऊ असलेला पोचा सहसा चालतो. ठोकून वर काढायच्या फंदात मात्र पडू नये. चिकटवून बनवलेल्या फ्रेमचे तर गणितच निराळे. ऐंशीच्या दशकात ट्रेकने अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या गोंदाने बसवून माउंटन बाइक काढल्या, आणि रॅलेच्या टेक्नियम फ्रेममध्ये तर अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या पोलादी सांध्यांना चिकटवलेल्या असत. अशा फ्रेमला उष्णता लावणे म्हणजे ती सुटी करणे. त्यांच्यासाठी एक छोटे स्वतंत्र प्रकरण आहे.

निकाल चालवण्याच्या बाजूने लागला, की पहिली लढाई बहुतेक वेळा सीटपोस्टची असते. वर्षानुवर्षे न हलवलेली सीटपोस्ट फ्रेममध्ये अशी अडकते की दोन धडधाकट माणसे लोंबकळली तरी हलत नाही. कारण साधे आहे. पावसाचे पाणी आणि घामातले मीठ फटीत उतरते, दोन्ही धातूंवर पांढरी भुकटी धरते, आणि ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. कोकणकिनारी राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपले पोलादी सायकलींचे मेकॅनिक इथे फ्रेमला गॅसची ज्योत दाखवतात. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचीच पोस्ट असेल तर दोन्ही सारख्याच फुगतात, फायदा काही नाही, आणि टी-६ चे बळ मात्र जाते. उपाय उलटा आहे: पोस्ट आतून थंड करायची. २७.२ मिलिमीटर व्यासाची पोस्ट कोरड्या बर्फाने ८० अंशांनी थंड केली तर ती सुमारे ०.०५ मिलिमीटर आक्रसते. एवढ्याशा सवडीत आठवडाभर मुरवलेले पेनिट्रेटिंग ऑइल आत शिरते. मग पोस्टचे डोके व्हाइसमध्ये पकडून फ्रेमच हँडलसारखी फिरवायची, हिसका न देता.

तरीही नाही निघाली, तर पोस्ट वरून कापून आतून हॅकसॉच्या पात्याने दोन उभ्या चिरा पाडून तिची सालपटे काढावी लागतात. हे काम जिवावर येते. पाते किती खोल गेले ते दिसत नाही. एक मिलिमीटर जास्त गेले की फ्रेमच्या भिंतीत चीर. हात थकला की थांबावे, उद्या करावे. इंटरनेटवर कुणीतरी कॉस्टिक सोडा ओतायचा सल्ला देतो, आणि तो पोस्ट खरोखरच विरघळवतो. पण धुण्याच्या साध्या सोड्यानेसुद्धा अ‍ॅल्युमिनियमची पातेली काळी पडतात हे घरोघरी माहीत आहे. कॉस्टिक त्याहून कितीतरी जहाल. त्याला पोस्ट कोणती आणि फ्रेम कोणती हे कळत नाही, त्यातून हायड्रोजन सुटतो तो वेगळाच, आणि डोळ्यात थेंब गेला तर डोळा जातो. पोलादी फ्रेममधली अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट काढायला तो उपाय काही जण वापरतात. आपल्या फ्रेमसाठी तो बाद.

बॉटम ब्रॅकेटमध्येही हेच नाटक, फक्त तिथे कप पोलादी आणि आटे अ‍ॅल्युमिनियमचे. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो; तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसल्याने किती फ्रेमचे आटे गेले असतील देव जाणे. क्लाइनच्या अनेक फ्रेममध्ये आटेच नसतात, बेअरिंग दाबून बसवलेले असते. तिथे पान्हा शोधत बसू नये.

रंगाबद्दल माझे मत ठाम आहे आणि सगळ्यांना ते पटेल असे नाही. मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर तो काढू नये. उडालेल्या जागा साफ करून, तिथली पांढरी भुकटी बारीक पॉलिश पेपरने काढून, एच प्रायमरचा हात देऊन तेवढाच रंग भरावा. ओरखडे राहू द्यावेत. क्लाइनचा रंग तर कितीही झिजला तरी तसाच ठेवावा, कारण तो पुन्हा तसा मारणारे हात फार थोडे उरले आहेत. ज्यांना चकचकीत नवी सायकल हवी त्यांनी नवी सायकल घ्यावी.

रंग काढणे टळतच नसेल तर तो कशाने काढायचा हा प्रश्न येतो. कॉस्टिक असलेले पेंट रिमूव्हर वर सांगितलेल्या कारणाने नकोत. वाळूचा मारा पातळ नळीला परवडत नाही. प्लास्टिकच्या दाण्यांचा किंवा खाण्याच्या सोड्याचा सौम्य मारा चालतो. भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात पावडर कोटिंगची युनिटे पुष्कळ आहेत आणि काम स्वस्तात होते, पण तिथे रोज येतात त्या ग्रिल, गेट आणि गाड्यांचे सुटे भाग. त्यांना फ्रेम देताना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. वाळूचा मारा करायचा नाही. आणि भट्टीतून एकदाच काढायची. पावडर भाजायला १८० ते २०० अंश आणि दहा-वीस मिनिटे पुरतात, तेवढ्याने वेल्डिंग केलेल्या ६०६१ चे विशेष बिघडत नाही. रंग पसंत पडला नाही म्हणून तीच फ्रेम पुन्हा पुन्हा भाजणे, किंवा भट्टीत विसरून जाणे, हे मात्र त्या धातूच्या मुरवणीशी थेट खेळणे आहे. उघड्या धातूच्या झास्करला यातले काहीच लागत नाही. तिला मेटल पॉलिश, जुना सुती कपडा आणि तुमचे खांदे पुरतात.

बाकी सुट्या भागांचे थोडक्यात. मागच्या ड्रॉपआउटमधले अंतर पोलादी फ्रेममध्ये ताणून वाढवता येते. अ‍ॅल्युमिनियममध्ये ते कधीही करू नये, फ्रेमला बसेल असाच हब शोधावा. मागचा डिरेलर लटकतो तो हँगर या काळातल्या अनेक फ्रेममध्ये सुटा नसून फ्रेमचाच भाग आहे. किंचित वाकला असेल तर एकदाच, सावकाश, गेज लावून सरळ करावा. दुसऱ्यांदा तो बहुधा हातात येतो. साध्या चिमट्यासाठी आखलेल्या फ्रेमला नंतरच्या काळातला लांब शॉक फोर्क लावू नये. त्याने पुढची बाजू उंचावते, कोन बदलतो आणि हेड ट्यूबखालच्या त्याच सांध्यावर जास्तीचा तरफदाब येतो, जिथे आधीच तडा शोधायचा होता. आणि पोस्ट बसवताना ग्रीस लावावे, दर पावसाळ्यानंतर ती एकदा बाहेर काढून पुसावी.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील, पहिले सोडून. ते तपासणीचे आहे. ते वाचताना फ्रेम समोर असू द्या, धुतलेली, सगळे सुटे भाग काढलेली, आणि हातात भिंग असू द्या. तडा सापडला तर रंगाचे प्रकरण खुशाल वाचा आणि फ्रेम सजवून भिंतीवर लावा. ती कुणाला विकू नका, आणि पोराला शाळेत जायला तर मुळीच देऊ नका.